नागपूरहून मोटरहोमने दिवाडी बेटावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीतच झोपायचं, गाडीतच सकाळचा चहा करायचा आणि गाडीसकट फेरीबोटीत चढून बेटावर उतरायचं, हा बेत नागपूरकरांना जमण्यासारखा आहे. त्यासाठी अंदमान गाठावं लागत नाही. गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण ही दोन मोठी बेटं आहेत आणि दोन्हीकडे वाहनं नेणारी सरकारी फेरी चालते. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न मात्र गाडीच्या आतले असतात: बेड किती, एसी आहे का, फ्रिज केवढा. सहल ठरते ती धक्क्यावरच्या उतारावर. म्हणून फेरीची वेळ आणि पाण्याची पातळी आधी पक्की करा, मग तिथून उलट मोजत नागपूरहून निघायचा दिवस काढा. खालची उत्तरं त्याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

दिवाडीच का? मुरुड-जंजिरा किंवा माजुली का नाही?

जंजिऱ्याला गाडी जात नाही. ती राजपुरीच्या किनाऱ्यावर सोडून शिडाच्या होडीने किल्ल्यात जायचं असतं. आसामातल्या माजुलीला ब्रह्मपुत्रेतून गाड्या नेणाऱ्या फेऱ्या आहेत, पण नागपूरहून दोन हजार किलोमीटरच्या पुढचा प्रवास छोट्या सहलीत बसत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो (गाड्या चालवत आत चढवता येणारी बोट) जाते आणि समृद्धी महामार्गामुळे तिथवर पोहोचणं आता सोपं आहे, पण मांडवा हे बेट नाही. कोकणात दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, तवसाळ-जयगड अशा खाडी ओलांडणाऱ्या फेऱ्या आहेत. त्या सुंदर आहेत, पण पलीकडे उतरल्यावर आपण मुख्य भूमीवरच असतो.

दिवाडी खरंखुरं बेट आहे. पूल नाही, फेरीशिवाय गाडीला वाट नाही. शेवटची फेरी गेल्यावर गावात जी शांतता पडते, ती पुलाने जोडलेल्या ठिकाणी मिळत नाही. एवढ्या कारणासाठी हजार किलोमीटर जावं, असं आमचं मत आहे.

किती दिवसांची सुट्टी लागेल?

नागपूरहूनच मोटरहोम चालवत नेणार असाल तर आठ-नऊ दिवस. अंतर एका बाजूने साधारण हजार किलोमीटर आहे. कारने लोक ते दीड दिवसात कापतात, पण मोटरहोमचा दिवसभराचा सरासरी वेग तासाला पन्नासच्या आसपास धरा. जड, उंच गाडी वाऱ्याने हलते, घाटात रेंगाळते आणि जेवणाची भांडी आत असतात. दिवसाला साडेचारशे किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका.

सुट्टी चार-पाच दिवसांचीच असेल तर हट्ट सोडा. रेल्वेने मडगावला जा किंवा विमान धरा आणि मोटरहोम गोव्यातून भाड्याने घ्या. सुट्टीचे चार दिवस महामार्गावर घालवून बेटावर एकच रात्र काढण्यात काही अर्थ नाही. नोकरीतून मोजक्या रजा मिळणाऱ्यांना आम्ही नेहमी हेच सांगतो.

रस्ता कोणता धरायचा?

बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरा. पुढे सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द. पहिला मुक्काम नांदेड आणि लातूरच्या दरम्यान, दुसरा कोल्हापुरात आणि तिसऱ्या दिवशी आंबोली उजेडात उतरायची. तिलारीचा घाट नकाशावर जवळचा दिसतो, पण त्याची वळणं आणि चढ मोटरहोमसाठी नाहीत. फोनवरचा नकाशा तिकडे वळवू लागला तर त्याचं ऐकू नका.

शक्तिपीठ महामार्गाबद्दलही विचारणा होते. पवनार ते पत्रादेवी असा तो प्रस्ताव आहे. या हिवाळ्याचा बेत त्याच्या भरवशावर ठेवू नका.

गाडी केवढी घ्यावी?

टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, चारजणांची. त्यापेक्षा मोठी नको. बसच्या आकाराचं मोटरहोम महामार्गावर रुबाबदार दिसतं, पण दिवाडीच्या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) आहेत, वर विजेच्या तारा आहेत आणि आंब्या-फणसाच्या फांद्या रस्त्यावर वाकलेल्या आहेत. छतावरच्या एसीची उंची धरून गाडीची एकूण उंची स्वतः टेपने मोजा आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. कागदावर लिहिलेल्या उंचीत छतावरचा एसी आणि सोलर पॅनेल बहुधा धरलेलं नसतं.

लायसन्स आणि कागदपत्रं कोणती?

एकूण वजन, म्हणजे सामान आणि माणसं धरून ठरवलेलं कमाल वजन, ७५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटर वाहनाचं, लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं आहे: या वजनाच्या आतली व्यावसायिक गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

भाड्याच्या गाडीचं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, विमा, पीयूसी आणि फास्टॅगमधली शिल्लक निघण्यापूर्वी डोळ्यांनी बघा. आणि भाडेकरारात फेरीबोटीतून गाडी नेण्याची परवानगी लेखी घ्या. "चालते ना, काही होत नाही" हे तोंडी उत्तर विमा कंपनीसमोर कामाचं नाही. शिवाय रोजची किलोमीटरची मर्यादा विचारा. नागपूर-गोवा-नागपूरमध्ये ती ओलांडली जाते आणि जादा किलोमीटरचं बिल भाड्याइतकं होऊ शकतं.

घरच्या जुन्या ट्रॅव्हलरमध्ये सुताराकडून बेड आणि ओटा बसवून घेतला तर?

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या रचनेत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅरव्हॅन, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आधी आरटीओत विचारा, मग सुताराला बोलवा.

मोटरहोम फेरीत चढेल का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

फेरीबोट धक्क्याच्या उताराला टेकते आणि लोखंडी फळी खाली सोडते. गाडी आधी उतारावरून खाली येते आणि मग फळीवरून वर चढते. या खोबणीत कारला काही होत नाही. मोटरहोमचा मागचा भाग मात्र मागच्या चाकांच्या बराच मागे लोंबतो. पुढची चाकं फळीवर चढली की मागचं टोक खाली दबतं आणि घासतं. त्याच भागाखाली पायरी असते, सांडपाण्याची तोटी असते, कधी स्टेपनी असते. तोटी तुटली तर पुढची सगळी सहल वास सोसत काढावी लागेल.

म्हणून नागपूर सोडण्यापूर्वी चार मापं घ्या: एकूण लांबी, उंची, मागच्या चाकापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर आणि त्या टोकाखालच्या सर्वांत खालच्या वस्तूची जमिनीपासून उंची. कळमना मार्केटच्या परिसरात धरमकाटे आहेत. पाणी, गॅस, सामान भरून गाडीचं वजनही करून घ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि टाकी मागे असेल तर ते सगळं वजन लोंबत्या टोकावरच येतं. फेरीवर चढताना टाकी जवळजवळ रिकामी ठेवा, पाणी पलीकडे भरता येतं.

धक्क्यावर पोहोचलात की गाडी लांब उभी करा आणि पायी फेरीने एकदा जाऊन या. भाडं किरकोळ असतं. फळीचा कोन बघा, डेकची रुंदी बघा आणि फेरीवरच्या माणसाला चार मापं सांगून विचारा: "दादा, एवढी गाडी घेता का? कोणत्या वेळी आणू? उतरताना सरळ जायचं की रिव्हर्स?" ती माणसं रोज हे पाणी बघतात. त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही.

एकजण खाली उभा राहून मागचं टोक बघेल आणि बाकीचे पायी चढतील. माणसं उतरली की गाडीही थोडी उचलते.

फेरीवाल्यांनी नाही म्हटलं तर सहल वाया गेली का?

अजिबात नाही. चोडणकडे वळा. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ पासून मोठ्या रो-रो फेऱ्या सुरू झाल्या आहेत आणि त्यांचा डेक जुन्या फेरीपेक्षा बराच प्रशस्त आहे. तिथेही जमलं नाही तर चोडणला मये गावाच्या बाजूने रस्ता आहे. गाडी चोडणला ठेवा किंवा जुन्या गोव्याच्या बाजूला सुरक्षित जागा बघा आणि दिवाडीला पायी किंवा स्कूटरने जा. खरं तर नवख्या चालकाने पहिल्यांदा चोडणलाच जावं, असं आम्ही सुचवतो.

भरती-ओहोटी आम्हा नागपूरकरांना कशी कळणार?

भिंतीवरच्या कालनिर्णयवरून. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नदीत आत भरती थोडी उशिरा पोहोचते. नेमका आकडा मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात मिळतो, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो.

आता त्याचा उपयोग. सकाळी बेटावरचे लोक कामाला, कॉलेजला निघतात आणि संध्याकाळी परततात. त्या वेळी आपलं धूड रांगेत घुसवू नये, हे साधं सौजन्य आहे. म्हणजे आपली वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. या वेळात पाणी वर असलेलं हवं, कारण ओहोटीला फेरी खाली जाते, उतार लांबतो, चिखलाने निसरडा होतो आणि मागचं टोक घासायची शक्यता वाढते. हिशेब करून बघा: त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे दोन-तीन दिवस जाण्याला आणि परतण्याला उत्तम. अष्टमीला मात्र भर दुपारी ओहोटी येते.

याच दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती जितकी वर तितकी ओहोटीही खोल. त्यामुळे पौर्णिमेला संध्याकाळी पाच-सहा वाजता बेट सोडायचा बेत ठेवू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत-उतरत नाही. लहान गाडीला ती चालून जाते.

फेरीवर चढल्यावर काय करायचं?

सांगतील तिथे उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. सगळ्यांनी खाली उतरा. पलीकडे पोहोचायला थोडीच मिनिटं लागतात, तेवढ्यात आत बसून चहा ठेवायचा मोह आवरा. गॅस सिलिंडरचा खटका सिलिंडरवरच बंद करा, शेगडीचा कान पिरगाळून भागत नाही. पेट्रोल पंपावरही हीच सवय ठेवा.

घरातला १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत टाकू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर, पट्ट्याने घट्ट बांधलेला आणि हवा खेळेल अशा कप्प्यात, पुरेसा होतो.

बेटावर गाडी रात्री कुठे लावायची?

बेटावर कॅरव्हॅन पार्क आहे असं समजून जाऊ नका. अंगण असलेला होमस्टे आधी फोन करून ठरवा. खोली घेतली नाही तरी अंगण, पाणी, एक प्लग आणि शौचालय यांचे रीतसर पैसे द्या. चर्चसमोरचं मैदान, देवळाचं आवार, शेताचा बांध या जागा रिकाम्या दिसल्या तरी कुणाच्या तरी आहेत. सकाळी घरातल्या बाईंना चार संत्री दिली तर ओळख लवकर होते. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर असतातच, आणि संत्रा बर्फी बारा महिने.

रस्त्याकडेला शेगडी मांडू नका. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर आणि दारू पिण्यावर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो. स्वयंपाक गाडीच्या आत, नाहीतर गावातल्या खाणावळीत जेवा. दुसरं जास्त चविष्ट आहे.

रात्रभर एसी चालेल का?

बॅटरीवर नाही. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २.४ युनिट. एसी तासाला एक युनिट ओढतो असं धरलं तर कागदावरच अडीच तासांच्या आत ती संपते, आणि साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. जनरेटर लावला तर अख्खं गाव जागं होईल. घरमालकाच्या साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर एसी जोडू नका. पंधरा अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग आहे का ते आधी विचारा.

नागपूरच्या मे महिन्यातला माणूस एसीविना घाबरतो, ते समजण्यासारखं आहे. पण डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या रात्री पंख्यावर सहज निघतात. खिडक्यांना डासांच्या जाळ्या मात्र शाबूत हव्यात. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, भागात संध्याकाळी डास फार.

गाडीतल्या शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची?

घरमालकाच्या परवानगीने त्यांच्या शौचालयात, आणि नंतर ते स्वतः धुऊन द्यायचं. नदीत, नाल्यात किंवा शेतात कधीच नाही. दिवाडी-चोडणची खाजन शेती ही खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशींच्या, म्हणजे बांधातल्या झडपांच्या, दारांनी भरती-ओहोटी सांभाळून पिढ्यान् पिढ्या राखलेली जमीन आहे. तिथे भात होतो, मासे-कोळंबी होते. आपल्या टाकीतलं रसायन त्या पाण्यात गेलं तर जे बिघडेल ते आपण परत गेल्यावर त्यांनी सोसायचं. भांडी धुतलेलं पाणीही साठवून योग्य जागीच सोडा.

बेटावर बघायचं काय? समुद्रकिनारा आहे का?

समुद्रकिनारा नाही. नदी आहे, खारफुटी आहे, भातशेतं आहेत आणि टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. तिथून मांडवीच्या पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात.

मराठी माणसाने एक फेरी चुकवू नये: दिवाडीहून नार्व्याची. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीज काळात ते देऊळ मोडलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. गोवा सरकारने ते अलीकडे पुन्हा दुरुस्त करून २०२३ मध्ये खुलं केलं. गाडी बेटावर ठेवून पायी फेरीने जा. मूळ जागा आणि आजचं देऊळ यांच्यामधलं पाणी आपण स्वतः ओलांडतो, तेव्हा पुस्तकात वाचलेला इतिहास वेगळाच भिडतो.

चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सकाळी लवकर जा, दुर्बीण न्या.

कोणता काळ टाळावा?

पावसाळा: आंबोलीत दरडी आणि धुकं, धक्क्यावर शेवाळ. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरामचा उत्सव असतो, तो बघायचा तर मोटरहोमविना. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त (सण) असतं आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. दिवाडीची एक फेरी तिथूनच सुटते आणि त्या दिवसांत रस्ते तुंबतात. नाताळ ते नववर्ष नकोच. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी सगळ्यात बरा.

मुलांना नदीत डुंबू द्यावं का?

नाही. ओढ जोरदार असते आणि जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.

आई-बाबा मागे बेडवर झोपून येतील, चालेल ना?

गाडी चालू असताना कुणीही बेडवर नको. जोरात ब्रेक लागला तर झोपलेल्या माणसाला अडवणारं काही नसतं. पट्टा असलेल्या जागा जितक्या, तितकीच माणसं न्या. ज्येष्ठांसाठी दर दोन तासांनी थांबा आणि रात्रीचा मुक्काम लॉजमध्ये करा. कोल्हापूरला चांगली सोय आहे. मोटरहोमची मजा बेटासाठी राखून ठेवा.

निघण्यापूर्वी सराव कुठे करावा?

रामटेकजवळ खिंडसीच्या बाजूला एक रात्र काढा. पाणी किती लागतं, बॅटरी किती टिकते, कोण घोरतं आणि काय विसरलं, सगळं घरापासून तासाभराच्या अंतरावर कळतं. घाटाची सवय नसेल तर चिखलदऱ्याला जाऊन या. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ताकदीवर गाडी रोखत उतरायला शिका, नुसत्या ब्रेकवर नाही.

फेरी बंद पडली आणि बेटावरच अडकलो तर?

एक दिवस हाताशी जादा ठेवा, तेवढाच उपाय. एक दिवसाचं खाणं, पिण्याचं पाणी आणि नेहमीची औषधं त्या हिशेबाने बाळगा. घरात हृदयरोगी किंवा दिवस भरत आलेली गर्भवती असेल तर मुक्काम चोडणला करा, जिथून रस्त्याने बाहेर पडता येतं.

परत आल्यावर गाडीचं काय करायचं?

त्याच आठवड्यात गाडी खालून गोड्या पाण्याने, दाबाच्या पंपाने धुवा. मांडवीच्या त्या भागात पाणी खारट असतं आणि फेरीच्या डेकवर, धक्क्यावर ते चाकांना, सायलेन्सरला, ब्रेकच्या नळ्यांना लागलेलं असतं. नागपूरच्या कोरड्या हवेत गंज दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण मीठ सांध्यात बसलं की पुढच्या पावसाळ्यात काम सुरू करतं. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून झाकणं उघडी ठेवा, फ्रिजचं दार अर्धवट उघडं ठेवा, गाडीतल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची तार काढा. भाड्याची गाडी असेल तर परत करण्याआधी मागच्या टोकाखालचा फोटो काढा आणि मालकासमोर खाली वाकून दोघांनी मिळून बघा.